पाहुण्याचे ओळखपत्र पाहायचे किती आणि ठेवायचे किती?

पेडणे तालुक्यातल्या एका ताईंनी विचारले आहे. घरालगतच्या तीन खोल्या त्या पर्यटकांना देतात. पर्यटन खात्याकडे रीतसर नोंदणी आहे, बुकिंगचे काम मुलगा फोनवरून पाहतो. डिसेंबरात राहून गेलेल्या कोल्हापूरच्या एका पाहुणीने नंतर मेसेज केला, ‘माझ्या आधार कार्डाचा फोटो तुमच्याकडे असेल तर कृपया काढून टाका.’ मुलाने ‘काढला’ म्हणून कळवले. चार दिवसांनी ताईंना तोच फोटो यजमानांच्या, म्हणजे त्यांच्या पतीच्या, फोनमध्ये दिसला, आणि शोधत गेल्यावर २०१९ पासूनच्या शेकडो पाहुण्यांचे आधार, लायसन्स, पासपोर्ट सापडले. त्यांचे प्रश्न तीन आहेत. हे सगळे ठेवणे कायद्याने गरजेचे आहे का? नसेल तर काढायचे कसे? आणि उद्या पोलिसांनी मागितले तर दाखवायचे काय?

ताई, ती पाहुणी बरोबर आहे. तिने तुमच्यावर संशय घेतला असे मनात आणू नका. स्वतःची वस्तू काम झाल्यावर परत मागावी, तसे तिने मागितले. मुलगाही खोटे बोलला नाही. त्याच्या चॅटमधला फोटो त्याने खरेच काढला असणार. फोटो तेवढ्या एकाच ठिकाणी आहे अशी त्याची समजूत होती, आणि बहुतेकांची तशीच असते.

मी फोंड्याला असतो. वीसेक वर्षे लॉज, देवस्थानांच्या अग्रशाळा (भाविकांच्या मुक्कामाच्या जागा) आणि पतसंस्था यांचे संगणक लावणे, सांभाळणे, तपासणे हेच काम करतो. तपासणीला गेलो की मी पहिला प्रश्न विचारतो, ‘पाहुण्याने पाठवलेला फोटो आत्ता कुठे कुठे आहे?’ उत्तर नेहमी ‘मोबाइलमध्ये’ असे येते. मग आम्ही बसून मोजतो. तुमच्या घरचेही मोजून पाहू.

पाहुणीने तिच्या फोनवर कार्डाचा फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर मुलाला पाठवला. तो मुलाच्या चॅटमध्ये आला. अँड्रॉइड फोनवर मीडिया दिसण्याची सेटिंग चालू असेल तर गॅलरीतही उतरला. गुगल फोटोजला व्हॉट्सॲपच्या फोल्डरचा बॅकअप घ्यायची परवानगी दिली असेल, तर तिथून मुलाच्या गुगल खात्यात गेला. व्हॉट्सॲपचा स्वतःचा बॅकअप रात्री वेगळा होतो, त्यातही तो आहे. मुलगा म्हापशाला होता म्हणून त्याने फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, ‘बाबा, ह्या येतायत, गेट उघडा.’ ग्रुपवर तुम्ही, यजमान, सून आणि बहुधा मुंबईची मुलगीही असेल. म्हणजे आणखी चार फोन, आणि प्रत्येकाची गॅलरी नि बॅकअप निराळा. नंतर फाइलला लावायची प्रत हवी म्हणून यजमानांनी तो बाजारातल्या झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर पाठवला. त्याच्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये तो आजही असेल. झेरॉक्सवाला वाईट माणूस आहे असे माझे म्हणणे नाही. त्याच्याकडे दिवसाला पन्नास माणसांच्या फायली येतात, आणि त्या पुसणे हे आपले काम आहे असे त्याला कुणी कधी सांगितलेले नसते.

एका रात्रीच्या मुक्कामासाठी एका कार्डाच्या दहा-बारा तरी प्रती होतात. तुमच्याकडे शेकडो पाहुणे येऊन गेले.

‘पण आमच्या फोनमधले कोण चोरणार?’ असेही तुमच्या मनात येईल. फोन हरवतो, दुरुस्तीला जातो, मुलगा नवा घेतो आणि जुना ओळखीच्या कुणाला देतो. फोंडा भागातल्या एका लॉजचा जुना संगणक भंगारात गेला होता. मालकाने सगळ्या फायली डिलीट करून, रिसायकल बिन रिकामा करून तो दिला होता. पुढे तो संगणक कुणीतरी माझ्याच ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे आणला. फुकटात मिळणाऱ्या एका साध्या सॉफ्टवेअरने त्यातून सात वर्षांचे पासपोर्ट, लायसन्स, लग्नाच्या पार्टीची यादी, सगळे परत वर आले. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर डिलीट केले की फाइल जागच्या जागीच राहते, फक्त अनुक्रमणिकेतली ओळ खोडली जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती वाचता येते. त्या दिवशी पडद्यावर एकेक चेहरा उमटत होता. त्यात लहान मुले होती, म्हातारी माणसे होती. आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. त्यानंतर हे काम मी केवळ धंदा म्हणून केलेले नाही.

चोराला या फोटोंचा उपयोग काय, हेही समजून घ्या. बँकेतले पैसे थेट कार्डाच्या फोटोवरून निघत नाहीत, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण फसवणारा माणूस दुसऱ्याचे ओळखपत्र स्वतःचे म्हणून पाठवतो. लष्करातला अधिकारी बोलतोय, खोल्या बुक करायच्या आहेत, ॲडव्हान्ससाठी पाठवलेला क्यूआर स्कॅन करा, असा फोन गोव्यातल्या किती घरांना आला असेल! त्याच्यासोबत विश्वास बसावा म्हणून जे कार्ड येते, ते कुणा खऱ्या माणसाचे असू शकते. व्हिला भाड्याने देतो म्हणून पर्यटकांना लुबाडणारेही हेच करतात. फोटो दुसऱ्याच्या घराचे, आधार तिसऱ्याचेच. दुसरा उपयोग त्याहून वाईट. नाव, पत्ता, जन्मतारीख, फोन नंबर आणि ‘अमुक तारखेला तुम्ही गोव्यात होतात’ एवढे ज्याला ठाऊक आहे, त्याने पोलीस अधिकारी असल्याची बतावणी केली तर समोरचा माणूस घाबरतो. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाखाली चालणारी लूट अशाच तपशिलांवर उभी असते. आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची पद्धतच नाही. पण समोरचा आपला प्रवाससुद्धा तारखेनिशी सांगतो तेव्हा शिकलेल्या माणसाचेही पाय लटपटतात.

आता कायदा.

पाहुण्याची ओळख पटवणे आणि नोंदवहीत नोंद करणे तुम्हाला टाळता येणार नाही, आणि टाळूही नये. परदेशी पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती इमिग्रेशनच्या पोर्टलवर भरावी लागते. आपण सगळे त्याला ‘सी फॉर्म’ म्हणतो. भारतीय पाहुण्यांसाठी नोंदवही असते. शिवाय जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश वेळोवेळी निघतात, त्यांत ओळखीचा पुरावा घ्या, जपून ठेवा, असेही म्हटलेले असू शकते. म्हणून माझे वाचून उद्यापासून प्रती घेणे एकदम बंद करू नका. पोलीस स्टेशनवर जाऊन सध्या लागू असलेल्या आदेशाची प्रत मागा आणि ती शब्दशः वाचा. मी वाचतो तेव्हा मला दोन गोष्टी दिसतात. पुरावा मुलाच्या खासगी फोनमध्ये, घरच्या ग्रुपवर ठेवा असे कोणी सांगितलेले नसते. आणि ओळखपत्र म्हणजे आधारच, ही सवय आपण आपल्याला लावून घेतली आहे. लायसन्स, मतदार कार्ड, पासपोर्ट, काहीही चालते. कोणते दाखवायचे ते पाहुण्याने ठरवावे.

आधारबद्दलचा एक प्रसंग आठवण्यासारखा आहे. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूरच्या कार्यालयाने सूचना काढली की कार्डाची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्या. परवाना नसलेल्या हॉटेलांनी, चित्रपटगृहांनी आधारच्या प्रती गोळा करू नयेत असेही त्यात स्पष्ट होते. देशभर गोंधळ उडाला आणि २९ मे रोजी सूचना मागे घेतली गेली. लोक चुकीचा अर्थ काढतील, नेहमीची खबरदारी पुरे, असे कारण दिले. सूचना गेली, पण मास्क्ड आधारची सोय कायम आहे. आधारच्या संकेतस्थळावरून कुणालाही ते फुकट उतरवून घेता येते. पहिले आठ अंक झाकलेले, शेवटचे चार उघडे, बाकी नाव, फोटो, पत्ता जसाच्या तसा. ओळख पटवायला एवढे भरपूर झाले.

या सगळ्याच्या मुळाशी २४ ऑगस्ट २०१७ चा निकाल आहे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तुमच्यासारख्या व्यावसायिकांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. ‘आमचे तर घरच आहे’ असे म्हणून सुटता येत नाही. कायद्याने सूट दिली आहे ती घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला. खोलीचे पैसे घेतले की तो व्यवसाय झाला. निव्वळ कागदी नोंदवहीला हा कायदा लागत नाही, पण तिचा फोटो काढलात किंवा ती संगणकात उतरवलीत की लागतो.

त्यातले तुमच्या उपयोगाचे तेवढे सांगतो. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले, आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याने ती ठेवायला सांगितलेली नसेल, तर ती पुसायची. माहिती फुटली तर या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्या पाहुण्यांची होती त्यांना विनाविलंब कळवायचे, आणि ७२ तासांत मंडळाकडे सविस्तर अहवाल द्यायचा. माहिती घेताना काय घेतो, कशासाठी घेतो, हे साध्या शब्दांत सांगायचे. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याची सोय हवी. मराठी आणि कोंकणी दोन्ही तिथे आहेत, त्यामुळे खोलीच्या दारामागे दोन्ही भाषांत चार ओळी लावा, पाहुण्याला बरे वाटते. सुरक्षेत हलगर्जी केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तो आकडा वाचून झोप उडवून घेऊ नका. दंड ठरवताना चूक किती गंभीर, नुकसान किती, हे पाहिले जाते. तीन खोल्यांच्या घराला भीती खरी त्या आकड्याची नाही. ‘त्यांच्याकडे दिलेले कार्ड बाहेर गेले’ असे एकदा बोलले गेले की पुढचा सीझन जातो.

आता साफसफाई. माझे ऐकाल तर हे काम पावसात करा. जून ते सप्टेंबर खोल्या रिकाम्या असतात, आणि चतुर्थीआधी घर झाडतोच आपण. त्याच झपाट्यात फोनही झाडून काढा, दरवर्षी. यंदा मात्र थांबू नका, या आठवड्यातच बसा. घरातले सगळे फोन एका टेबलावर ठेवा, म्हणजे कुठलाही सुटत नाही.

आधी ढीग दोन भागांत वेगळा करा. एक वर्षापूर्वीचे सगळे जाऊ द्या. अपवाद एकच, ज्या पाहुण्याबद्दल तक्रार किंवा केस चालू आहे त्याचे. हिशेबासाठी लागेल अशी शंका येईल. हिशेबाला बिल लागते, बिलाला पासपोर्टचा फोटो लागत नाही. गेल्या वर्षभरातल्या पाहुण्यांचे, आदेशात प्रत ठेवायला सांगितले असेल तरच, एकेक कागदी प्रत छापून घ्या. घरच्या प्रिंटरवर छापा, बाजारात नको. छापण्याआधी आधारचे पहिले आठ अंक झाका. फोनमधल्या मार्करच्या पेनाने झाकू नका. तो पारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचे अंक दिसतात. भरीव काळा चौकोन टाका. वर्षभराचीच मर्यादा का, असे विचाराल. नव्या नियमांत काही माहिती आणि नोंदी किमान एक वर्ष राखण्याची तरतूद आहे, तिच्याशी हे जुळते, आणि चौकशी झालीच तर ती बहुधा एवढ्या काळात होते असा माझा अनुभव आहे. आदेशात जास्त मुदत दिली असेल तर अर्थात ती पाळा.

मग पुसायला घ्या. व्हॉट्सॲपच्या स्टोरेज विभागात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडले की प्रत्येक चॅटमधले फोटो एकत्र दिसतात. तिथून एकेका पाहुण्याचे काढा, घरच्या ग्रुपमधलेही काढा. हे प्रत्येकाच्या फोनवर वेगळे करावे लागेल. एकाने काढले म्हणून दुसऱ्याच्या फोनमधले जात नाही. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ हे मेसेज पाठवल्यावर दोनेक दिवसांतच चालते, जुन्यांना नाही. त्यानंतर गॅलरी. त्यानंतर गुगल फोटोज, आणि इथे बहुतेकजण फसतात. तिथून काढलेला फोटो ट्रॅशमध्ये जातो आणि बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस तिथेच बसतो. ट्रॅश हाताने रिकामा करा. आयफोनवर ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये तो ३० दिवस राहतो, तिथेही तेच करा. शेवटी व्हॉट्सॲपचा नवा बॅकअप घ्या म्हणजे जुना त्याखाली जाईल, आणि बॅकअपच्या सेटिंगमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन चालू करा. ते आपोआप चालू नसते.

झेरॉक्सवाल्याकडे स्वतः जा. तुमच्या नंबरवरून आलेल्या फायली समोर बसून पुसून घ्या, आणि ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये त्याचा संगणक तुमच्या व्हॉट्सॲपला जोडलेला राहिला नाही ना ते पाहा. भांडायचे काही कारण नाही. मी आमच्या भागातल्या एका दुकानदाराला हे समजावले, तेव्हा त्याने रोज रात्री शटर ओढण्याआधी डाउनलोड फोल्डर रिकामा करायची सवयच लावून घेतली. त्याच्या आईचे पेन्शनचे कागदही त्याच फोल्डरात असतात, हे त्याचे त्यालाच जाणवले.

जुने फोन कपाटात असतील तर फॅक्टरी रीसेट केल्याशिवाय कुणाला देऊ नका. गेल्या काही वर्षांतल्या फोनमधला मजकूर मुळातच कुलूपबंद रूपात असतो आणि रीसेटने त्याची किल्लीच नष्ट होते, म्हणून तेवढे पुरते. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क मात्र काढून घ्या आणि हातोड्याने फोडा. जुन्या झेरॉक्स प्रती रद्दीत घालू नका. भुईमुगाच्या शेंगांच्या पुड्यांवर लोकांचे मतदार कार्ड मी पाहिले आहे. न्हाणीची चूल अजून पेटत असेल तर तिच्यात घाला.

यापुढची रीत मी एका अग्रशाळेत लावून दिली आहे आणि ती तिथे नीट चालते, म्हणून तीच तुम्हाला सांगतो. बुकिंगच्या वेळी ओळखपत्र मागायचेच नाही. नाव, किती माणसे, येण्याची वेळ, एवढे पुरते. पाहुणा दारात आला की मूळ कार्ड किंवा डिजिलॉकरमधले कार्ड हातात घेऊन पाहायचे, चेहरा जुळवायचा आणि नोंदवहीत लिहायचे: नाव, गाव, फोन, कार्डाचा प्रकार, आधार असेल तर शेवटचे चार अंक, लायसन्स असेल तर क्रमांक. कार्ड लगेच परत. आधार खरे की बनावट, याची शंका आली तर प्राधिकरणाच्या ॲपने त्यावरचा क्यूआर स्कॅन करा. नव्या कार्डांवरच्या क्यूआरमध्ये फोटो आणि नाव डिजिटल सहीनिशी येते, पूर्ण क्रमांक त्यात नसतोच. फोटोशॉप केलेले कार्ड झेरॉक्समध्ये अगदी खरे दिसते, स्कॅनमध्ये उघडे पडते. म्हणजे प्रत घेऊन कपाटात टाकण्यापेक्षा ही पडताळणी पोलिसांच्याही जास्त कामाची. भारतीय कुटुंबांतल्या लहान मुलांची कार्डे मी घेत नाही, पालकांच्या नोंदीखाली नाव-वय लिहितो. परदेशी पाहुण्यांचे पासपोर्ट आणि व्हिसा पोर्टलसाठी लागतात, ते लहानांचेही. ते ज्या फोनवर घ्याल तो फोन त्याच कामाचा ठेवा, आणि फॉर्म भरला की फोटो काढून टाका.

नोंदवही काउंटरवर उघडी ठेवू नका. आमच्याकडे पाहुणा सही करायला वाकतो आणि वरच्या दहा जणांचे नंबर वाचून होतात. एकट्या राहणाऱ्या मुलीला रात्री अनोळखी मेसेज येतो, तेव्हा नंबर कुठून गेला हे तिला कधीच कळत नाही. प्रत्येक पाहुण्याला वेगळे पान द्या किंवा वरच्या नोंदी झाकणारा एक पुठ्ठा ठेवा. दोन रुपयांचा पुठ्ठा पुरतो.

जुन्या पाहुण्यांच्या नंबरांवर दिवाळीला नि कार्निव्हलला ऑफरचे मेसेज जातात, असे तुमच्या पत्रावरून वाटते. ते नंबर मुक्कामासाठी दिलेले होते. पुढच्या पाहुण्यांना निघताना विचारा, हो म्हटले तरच यादीत घ्या.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. गेट आणि गाडी लावायची जागा, बस्स. खोल्यांची दारे, बाल्कांव (दारापुढचा ओटा), मागची न्हाणी आणि शेजाऱ्याचे अंगण कॅमेऱ्यात येता कामा नये. कुणाच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्रण त्याच्या संमतीविना केले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला, आणि बसवणाऱ्या मुलाच्या फोनवर त्याचे ॲप अजून चालू आहे का ते त्याला विचारून बंद करून घ्या.

आणि ताई, पाहुण्यांचे जपता तसे घरचेही जपा. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचा फॉर्म, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा फॉर्म, सासूबाईंचे पासबुक, हे सगळे आपण भरवशाच्या माणसाकडे देतो आणि तो ते व्हॉट्सॲपवर पुढे पाठवतो. शक्य तिथे मास्क्ड प्रत द्या, आणि प्रतीवर आडवे लिहा: कोणत्या योजनेसाठी, कोणत्या तारखेला. सासूबाईंच्या आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करा. ही सोय आधारच्या ॲपमध्ये आहे. बोटाच्या ठशावर बँकेतून पैसे काढण्याची जी पद्धत आहे, तिच्यात जमिनीच्या कागदांवरचे ठसे उचलून, त्यांचे रबरी साचे करून लोकांना लुबाडल्याचे प्रकार देशात घडले आहेत. कुलूप असले की खोटा ठसा चालत नाही. त्यांना रेशन किंवा पैशांसाठी ठसा द्यायचा असेल त्या दिवशी थोडा वेळ उघडायचे. दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर यजमानांच्या नावावर किती सिमकार्डे आहेत तेही पाहा. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत घेता येतात, आणि ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच तक्रार करता येते.

उद्या मुलाचा फोन हरवलाच तर क्रम असा. सिम बंद करा, गुगल खात्यातून तो फोन दुरून पुसा, पोलिसांत तक्रार द्या, त्याच नंबरचे नवे सिम घेऊन दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲप चालू करा म्हणजे जुन्यावरचे बंद होईल, आणि तक्रारीची प्रत जोडून संचार साथीवर फोन ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर दुसरे काहीही करण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे वाटेत अडवता येतात, नंतर ते पाच खात्यांत फुटलेले असतात. आपल्याकडे सायबर गुन्ह्यांसाठी रायबंदरला स्वतंत्र पोलीस स्टेशन आहे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर येऊन गेलेच. पोलीस आले तर नोंदवही दाखवा, आदेशात प्रती मागितल्या असतील तर वर्षभराची कुलूपबंद फाइल दाखवा, परदेशी पाहुण्यांच्या पोर्टलवरच्या पावत्या दाखवा. आजवर मी लावलेल्या एकाही ठिकाणी यापेक्षा जास्त कुणी मागितलेले नाही. विस्कटलेल्या गॅलरीत फोटो शोधत बसण्यापेक्षा नीट लिहिलेले पान तपास करणाऱ्यालाही सोयीचे जाते.

राहिली कोल्हापूरची पाहुणी. तिला ‘काढला’ असे एकदा कळवून झाले आहे आणि ते पूर्ण खरे नव्हते, म्हणून पुन्हा लिहायला हवे. सगळे खरोखर पुसून झाल्यावरच लिहा, मुलाकडून नको, तुमच्या नावाने लिहा. मी असे लिहीन:

‘नमस्कार. तुमच्या आधार कार्डाचा फोटो काढून टाकल्याचे आम्ही कळवले होते, पण तो घरातल्या इतर फोनवर आणि बॅकअपमध्ये राहिला होता, हे आम्हाला नंतर दिसले. त्याबद्दल मनापासून क्षमा मागते. आता तो आमच्या सर्व फोनवरून, गुगल फोटोजमधून आणि जिथे छापला त्या दुकानाच्या संगणकावरून काढला आहे. आमच्या नोंदवहीत तुमचे नाव, गाव, फोन, मुक्कामाच्या तारखा आणि आधारचे शेवटचे चार अंक आहेत. ती नोंद ठेवणे आम्हाला बंधनकारक आहे. पहिले आठ अंक झाकलेली एक कागदी प्रत कुलूपबंद कपाटात आहे, ती येत्या डिसेंबरात जाळून टाकू आणि तुम्हाला कळवू. आणखी काही विचारायचे असेल तर याच नंबरवर माझ्याशी बोला.’

आदेशात प्रत मागितलेली नसेल तर कागदी प्रतीचे वाक्य गाळा, आणि डिसेंबरची तारीख मात्र आजच भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवा.